इंजिनाला भाता

आखातात नोकरी करणारा माणूस सुट्टीवर गावी आला की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. कधी आलास? आणि परत कधी जाणार? या दोन प्रश्नांच्या मधल्या महिनाभरात घराची कौले चाळायची, भाचीचे लग्न उरकायचे, बँकेत आणि तहसील कचेरीत खेपा घालायच्या, कब्रस्तानात जाऊन फातिहा पढून यायचा, आणि एके दिवशी बॅगा बांधून विमानतळ गाठायचा. तिकडे उरलेले अकरा महिने तुम्ही काय करता, असे कोणी विचारत नाही. काम करता आणि पैसे पाठवता, एवढे सर्वांना ठाऊकच असते. पण आठवड्याला एक सुट्टी तिकडेही असते. त्या सुट्टीला माणूस काय करतो ते सांगावे म्हणून हे लिहितो आहोत. हा मजकूर एका जुन्या गाडीविषयी आहे, आणि तिच्या इंजिनाला आम्ही जोडलेल्या एका पंपाविषयी.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. मूळचे खेड तालुक्यातले, आता शारजात. थोरला साठीच्या उंबरठ्यावर आहे, धाकटा त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. थोरला एका गोदामात हिशेब सांभाळतो, धाकटा वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीत आहे. अब्बा १९७० च्या दशकात मुंबईहून 'द्वारका' बोटीने दुबईला आले होते. कोकणातल्या हजारो घरांना त्या बोटीचे नाव पाठ होते. १९८२ साली ती बंद झाली आणि आमची पिढी विमानाने आली. अब्बांनी आपल्या साऱ्या नोकरीत स्वतःसाठी काय घेतले, याची यादी करायला बसलो तर एक मनगटी घड्याळ आणि एक रेडिओ यांपुढे ती जात नाही. आम्ही गाडी घेतली.

सुट्टीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ही गाडी फक्त सुट्टीची आहे. संयुक्त अरब अमिरातीत सुट्टीचे वार बदलत आले आहेत. पूर्वी सरकारी कचेऱ्यांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. २००६ साली ती शुक्रवार-शनिवार झाली. जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत आली, तर शारजाच्या सरकारने शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सुट्टी जाहीर केली. वर्तमानपत्रांत त्यावर पुष्कळ लिहून आले. आमच्यासारख्या खासगी नोकरांचा मात्र शुक्रवार तेवढा आपला होता, आणि तो तसाच राहिला. जुम्याची नमाज, मग खोलीवर जेवण, आणि नंतर मिळणारे चार-पाच तास. त्या चार-पाच तासांसाठी ही गाडी आहे.

गाडी १९९६ सालची टोयोटा लँड क्रूझर. आखातात या मॉडेलला आजही मान आहे. सहा सिलिंडरचे साडेचार लिटरचे पेट्रोल इंजिन, ताकद दोनशे दहा अश्वशक्तीच्या आसपास, आणि गाडीचे वजन दोन टनांहून जास्त. म्हणजे हत्तीला घोड्याचे काळीज बसवले आहे, असे धाकटा म्हणतो. डांबरी रस्त्यावर तिला काही कमी पडत नाही. पण मलेहाच्या वाळवंटात, फॉसिल रॉकच्या पलीकडच्या वाळूच्या टेकड्यांवर टायरची हवा बारा-पंधरा पौंडांवर आणून चढायला लागले की शेवटच्या दहा-वीस फुटांवर तिचा दम संपतो. मग पुन्हा उलटे उतरायचे, पुन्हा लांबून धाव घ्यायची. थोरल्याला ही धाव घेणे आवडत नाही. पायथ्याशी वेग वाढवून टेकडीवर आदळण्यापेक्षा माणसाने सावकाश, एका दमात चढावे, असे त्याचे मत. सावकाश चढायचे तर खालच्या फेऱ्यांत जोर हवा. तिथून सुपरचार्जरचा विषय निघाला.

आणि गाडी ऑटोमॅटिक आहे. हे कारणाशिवाय नाही. १९९८ साली गावी सुट्टीवर असताना थोरल्याला स्कूटरचा अपघात झाला आणि डावा गुडघा पुरता वाकायचा बंद झाला. चालण्यात ते फारसे कळत नाही, पण क्लच दाबणे त्याला जमत नाही. त्याच्या लायसन्सवरही 'ऑटोमॅटिक' असाच शिक्का आहे. दोघांनी मिळून गाडी घेतली ती दोघांना चालवता यावी म्हणून. त्यामुळे गिअरबॉक्सचा प्रश्न आमच्यात कधी चर्चेला आलाच नाही.

चर्चा इतरांनी केली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजांच्या रांगाच्या रांगा आहेत. केरळचे, पेशावरचे, लखनौचे, फिलिपीन्सचे मेकॅनिक तिथे काम करतात, आणि सगळे एकमेकांशी मोडक्यातोडक्या उर्दूत बोलतात. आम्ही सुपरचार्जरचे नाव काढले की जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली. "ऑटोमॅटिक में क्या रखा है, भाई? पहले मॅन्युअल डालो, फिर ताकत की बात करो." शौकीन लोकांचेही तेच. ऑटोमॅटिकला सुपरचार्जर लावणे म्हणजे म्हाताऱ्याला पहिलवानाची लंगोट नेसवणे, असे आमच्या एका ओळखीच्याने तोंडावर सांगितले. धाकट्याने त्या दिवशी घरी येऊन हिशेब मांडला. मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला तर गाडी खरोखरच अधिक मजबूत होईल. आणि त्या दिवसापासून थोरला शेजारच्या सीटवर बसेल. हिशेबाचा कागद त्याने फाडून टाकला.

खरे सांगायचे तर वाळूत ऑटोमॅटिक ही कमीपणाची गोष्ट नाही. मॅन्युअल गाडीत चढणीवर गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तुटतो. डांबरावर तो क्षण जाणवत नाही. मऊ वाळूत तेवढ्या वेळात गाडी थबकते आणि चाके रुततात. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद डब्यात तेल भरलेले असते. इंजिनाच्या बाजूची पाती तेल फिरवतात आणि ते तेल गिअरच्या बाजूची पाती फिरवते. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो, तसे. त्यात जोर तुटत नाही, आणि सुरुवातीला तो वाढूनही मिळतो. मात्र तेलातून दिलेल्या प्रत्येक जोराची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ऑटोमॅटिकचा खरा शत्रू ही उष्णता आहे. ताकदीचे भय पुष्कळदा उष्णतेचेच भय असते.

आता सुपरचार्जर म्हणजे काय, ते सांगतो. हे आम्ही आधी फोनवर अम्माला सांगितले होते. तिला समजले, म्हणजे वाचकांनाही समजेल.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण पेट्रोलच्या कितीतरी पट हवा त्याला लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा हवी. आमचे साडेचार लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत साडेचार लिटर हवा ओढते. मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर कागदावर ६,७५० लिटर. ही हवा ते स्वतःच्या श्वासाने आत घेते, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी ढकलेल तेवढीच. समुद्रसपाटीला हा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. त्याहून जास्त हवा हवी असेल तर ती कोणीतरी कोंबली पाहिजे. कोंबणारा तो सुपरचार्जर.

"म्हणजे लोहाराचा भाताच की," अम्मा म्हणाली.

अगदी तेच. भात्याने विस्तवाला हवा दिली की तोच कोळसा जास्त तापतो. फरक इतकाच की लोहाराचा भाता हाताने ओढतात, आणि इथे विस्तवानेच आपला भाता ओढायचा असतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पुलीवरून पट्ट्याने फिरतो. इंजिनाने मिळवलेल्या ताकदीतली काही ताकद आधी भात्यासाठी खर्च होते, आणि त्या बदल्यात खर्चापेक्षा जास्त परत मिळते. टर्बोचे तसे नसते. तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून तो काटकसरी. पण धूर जोरात यायला इंजिन आधी वेगात फिरावे लागते, आणि जोर मागाहून, एकदम येतो. वाळूच्या चढणीवर एकदम आलेला जोर चाकांना जागेवर फिरवतो आणि खड्डा खणतो. आम्हाला पाय दाबल्याबरोबर मिळणारा, सावकाश वाढणारा जोर हवा होता. धावेवाचून चढायचे या थोरल्याच्या मतालाही तेच जुळणारे होते.

या भात्याचा इतिहास आम्हाला फार आवडला, कारण त्यातही दोन भाऊ आहेत. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावचे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स. एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन फुगीर पात्यांचे त्यांचे यंत्र. त्याचे पेटंट १८६० सालचे, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्या आधीचे. त्याचे पहिले काम भट्ट्यांना आणि खाणींना वारा पुरवण्याचे. म्हणजे ते खरोखरच लोहाराच्या घरचे होते. १८८५ साली गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनात जास्त हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट जर्मनीत घेतले, आणि १९२१ साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने असा भाता लावलेल्या गाड्या मांडल्या. त्या गाड्यांत भाता सतत चालत नसे. पाय पूर्ण दाबला की तो जोडला जाई, पाय सैल केला की सुटे. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांना विरळ हवेत श्वास घेता यावा म्हणून सुपरचार्जर लागले. आमच्या इंजिनासाठी टोयोटाच्याच टीआरडी या शाखेने एकेकाळी अमेरिकेत असा संच विकला होता. तो आता नवा मिळत नाही. आम्हाला वापरलेला मिळाला. त्याच्या मालकाने आपली गाडी विकायला काढली होती आणि संच वेगळा काढून ठेवला होता.

अम्माने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "जोर वाढवून जायचे कुठे?"

या प्रश्नाला आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. संचाची किंमत, त्यासोबत लागणारे सामान आणि मजुरी मिळून आमच्या दोघांच्या चार-पाच महिन्यांच्या बचतीएवढा खर्च होता. तेवढ्या पैशात गावच्या घराची मागची पडवी स्लॅबची झाली असती. नातेवाइकांत बातमी पसरली तेव्हा कोणी उघड बोलले नाही. पण आमच्या समाजात एक शब्द असतो, तो फोनवरच्या शांततेतही ऐकू येतो. इसराफ. उधळपट्टी.

या शब्दावर आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. उधळपट्टी कशाला म्हणायचे? लग्नात चारशे माणसे जेवतात त्या खर्चाला आमच्या गावात कोणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण तो लोकांदेखत होतो. आखातातल्या माणसाने बांधलेल्या घरात पाच खोल्या कुलूपबंद राहतात, त्यालाही म्हणत नाहीत. पण तोच माणूस परदेशात, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, स्वतःच्या हौसेला पैसा लावतो तेव्हा मात्र हिशेब मागितला जातो. जणू आमचे तिकडचे आयुष्य हे आयुष्य नव्हे, तो एक लांबलेला प्रवास आहे, आणि प्रवासात माणसाने खर्च जपून करावा. थोरल्याचा हा प्रवास बत्तीस वर्षे चालला आहे. घराचे, बहिणींचे, मुलांच्या शिक्षणाचे जे देणे होते ते दिले गेले. हक्काचे ज्याचे त्याला पोचल्यावर उरले त्यातून माणसाने शुक्रवारचे चार तास आपल्यासाठी घेतले, तर ते घेणे चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. मात्र केवळ दाखवण्यासाठी घेतले, किंवा बेफिकिरीने घेऊन कोणाचा जीव धोक्यात घातला, तर ती उधळपट्टीच. तेव्हा आम्ही ठरवले की हे करायचे, आणि करायचे तर नीट करायचे.

नीट करणे म्हणजे उलट्या क्रमाने करणे. लोक आधी भाता लावतात आणि मग जे तुटेल ते दुरुस्त करतात. आम्ही भाता सर्वांत शेवटी लावला.

पहिले काम परवानगीचे. या देशात इंजिनात परस्पर बदल करता येत नाही. विनापरवाना बदल सापडला तर दंड होतो, गाडी जप्त होते, आणि दरवर्षी नोंदणीच्या वेळी तपासणी असतेच. आम्ही परके. परक्या माणसाने कायद्याशी हौसेखातर खेळू नये. कागदपत्रांत दीड महिना गेला. तो जाऊ दिला.

दुसरे, इंजिनाची प्रकृती. सहाही सिलिंडरचा दाब मोजून घेतला. या इंजिनात मागच्या, सहाव्या सिलिंडरजवळ हेड गॅस्केट जाण्याची ख्याती आहे. आमचे ठीक होते, तरी जुने म्हणून बदलले. रेडिएटर नवा घातला. ब्रेकच्या डिस्क आणि नळ्या बदलल्या. गाडी जास्त जोराने पळणार तर तितक्याच भरवशाने थांबलीही पाहिजे, आणि थांबण्याचा खर्च लोक नेहमी विसरतात.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकच्या आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा असतात आणि तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना धरून ठेवतात. इंजिनाचा जोर त्या पकडीपेक्षा जास्त झाला की प्लेटा घसरतात. घसरल्या की तापतात आणि तेल जळते. चांगले तेल लाल असते. ते तपकिरी दिसू लागले आणि करपल्याचा वास आला की समजावे, आत नुकसान सुरू झाले आहे. तेलाचे तापमान ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास असावे. एकशेवीसच्या पुढे ते भराभर म्हातारे होते. कारखान्यातून येणारी गाडी हे तेल रेडिएटरच्या तळाशी असलेल्या नळीतून थंड करते. आम्ही त्याशिवाय एक वेगळा ऑइल कूलर पुढे लावायचा म्हणत होतो. एका गॅरेजवाल्याने आम्हाला सांगितले की याची गरज नाही, हे वहीतले शहाणपण आहे, एवढे पैसे वाचवा आणि पुली लहान घालून दाब वाढवा. पुली जितकी लहान तितका भाता जोरात फिरतो. आम्ही त्याला सलाम करून गाडी दुसरीकडे नेली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण गिअरबॉक्सला जितकी लागू आहे तितकी क्वचितच कशाला असेल.

मग उष्णतेचा दुसरा हिशेब, हवेचा. धाकट्याचे पोट याच हिशेबावर चालते, म्हणून तो त्याने स्वतः केला. तापलेली हवा विरळ असते. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांच्या हवेत, तेवढ्याच लिटरमागे, दहावा हिस्सा कमी ऐवज असतो. म्हणजे आखातातल्या उन्हाळ्यात प्रत्येक इंजिन आधीच थोडे उपाशी असते. भाता ती उणीव भरून काढतो खरा, पण हवा दाबली की ती आणखी तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तेच इथे. पंचेचाळीस अंशांची हवा सहा पौंड दाबली तर आत जाताना ती शंभर अंशांच्या घरात पोचू शकते. इतक्या तापल्या हवेत उरलेले पेट्रोल ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचायची वाट न पाहता आपले आपण पेटू लागते. त्याला नॉकिंग म्हणतात. आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो, आणि तो चालू राहिला तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

त्यावर उपाय तीन. दाब कमी ठेवणे, पेट्रोल चांगले घालणे, आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल देणे. आम्ही दाब पाच पौंडांवर थांबवला. मूळ १४.७ वर पाच, म्हणजे एक तृतीयांशाची वाढ. पेट्रोल अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचे, इथे ज्याला सुपर म्हणतात ते. ऑगस्ट २०१५ पासून इथे पेट्रोलचे भाव दर महिन्याला ठरतात, तेव्हा महिन्याच्या शेवटी मोबाइलवर भाव पाहायची आम्हाला सवय लागली. मोठे इंजेक्टर घातले, आणि डायनोवर गाडी बांधून दोन दिवस जुळवणी केली. पूर्ण जोरात असताना पावणेपंधराला एक हे हवा-पेट्रोलचे प्रमाण सोडून बाराला एकच्याही किंचित खाली, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त, असे ठेवले. हे जास्तीचे पेट्रोल जळण्यापेक्षा गारवा देण्याचेच काम करते. डायनोने चाकांवर आधी दीडशेच्या थोडी वर अश्वशक्ती दाखवली होती. आता एकशेनव्वदच्या थोडी खाली दाखवली. कागदावरचा एक तृतीयांश प्रत्यक्षात पाव झाला. बाकीचा उष्णतेने आणि पट्ट्याने घेतला. डायनोवाला म्हणाला, आणखी दोन पौंड सहज वाढतील. थोरला म्हणाला, "सहज वाढतील, म्हणूनच नकोत."

नोव्हेंबरमध्ये हवा निवळली तेव्हा पहिल्यांदा वाळूत गेलो. थोरला चालवत होता. त्याने लो रेंज लावली, टेकडीच्या पायथ्याशी गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आणली आणि पाय हलकेच दाबत नेला. भात्याचा बारीक, एकसुरी सूर निघाला. पिठाची गिरणी दुरून ऐकू यावी तसा. गाडी चढत राहिली. जिथे नेहमी दम संपायचा तिथे तो संपला नाही. वर पोचल्यावर त्याने न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवले, कारण तापलेले तेल फिरत राहायला हवे, आणि आम्ही दोघांनी आधी बाहेरचा देखावा न पाहता गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा पाहिला. अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटांत तो नव्वदच्या खाली आला. मग उतरून मगरिबची नमाज पढलो. डावा गुडघा वाकत नाही म्हणून थोरला घडीच्या खुर्चीवर बसून पढतो. ती खुर्ची गाडीत कायम असते.

पुढच्या वर्षी थोरला कायमचा गावी जाणार आहे. नोकरीची मुदत संपते आहे. नोकरीबरोबर नोकरीचा व्हिसा संपतो, आणि बत्तीस वर्षे राहिलेल्या माणसालाही या देशात त्याहून वेगळे नाते सहजासहजी मिळत नाही. गाडी बरोबर नेता येणार नाही. हिंदुस्थानात बाहेरून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला लागते. आमची गाडी या दोन्हींत बसत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणजे जिथून कधीतरी निघायचे आहे अशा जागी, बरोबर नेता येणार नाही अशा वस्तूवर आम्ही हा खर्च केला. एका नातेवाइकाने हे आम्हाला हिशेबातली खोट म्हणून दाखवले. त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही. अब्बांनीही आपली वर्षे याच जागी घातली आणि जाताना घड्याळ आणि रेडिओ घेऊन गेले. वर्षे बरोबर नेता येत नाहीत, म्हणून ती जगू नयेत असे कोणी म्हणत नाही.

थोरला गेल्यावर गाडी ठेवायची की विकायची, हे अजून ठरलेले नाही. विकली तर भाता काढून विकावी असे लोक सांगतात, कारण ऑटोमॅटिकला सुपरचार्जर पाहून गिऱ्हाईक घाबरते. धाकटा सध्या तरी विकायला तयार नाही. एकट्यासाठी म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घे, असे आता त्याला पुन्हा सुचवले जाते. तो म्हणतो, थोरला भेटायला येईल तेव्हा कोण चालवणार?

अम्माने मागच्या आठवड्यात फोनवर विचारले, भाता नीट चालतो ना? चालतो, म्हणून सांगितले. पट्टा घट्ट आहे, तेल लाल आहे. मग तिने तोच जुना प्रश्न विचारला. कधी येणार? या वेळी थोरल्याने तारीख सांगितली. हिवाळा संपेपर्यंत अजून अकरा शुक्रवार आहेत.